सकाळीच लुटलेलं सोनं

माझ्या सासूबाईंनी कॉम्प्युटरला झोपवलं आणि म्हणून आमची अब्रू वाचली. हे मी माहेरी नांदेडला सांगितलं तेव्हा माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू दे. कॉम्प्युटरचं शिक्षण मी घेतलंय, त्यानं नाही. आणि मी सांगते, त्या दिवशी माझं शिक्षण आणि सासूबाईंची खंडेनवमी या दोन्हींतलं एक जरी कमी पडलं असतं, तरी आमचं बियाणं दुसऱ्याच्या नावानं बाजारात गेलं असतं.

औशाच्या अलीकडं, लातूर रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. गावातल्या बायकांची बियाण्याची कंपनी आहे. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेची इमारत येते. आमची कंपनी म्हणजे पत्र्याचं गोडाऊन आणि त्याला चिकटून एक खोली. खोलीत दोन कॉम्प्युटर, एक जुना आणि एक त्याहून थोडा कमी जुना, एक प्रिंटर आणि माझा लॅपटॉप. बायका आपापल्या शेतात हरभऱ्याचं बियाणं पिकवतात. ते गोडाऊनला येतं, चाळलं जातं, तपासायला जातं आणि पिशव्यांत भरलं जातं. कंपनीच्या अध्यक्षा माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, म्हणून इथून पुढं मी तेच म्हणते.

आधीची वर्षं आमचं बियाणं दुसरेच कोणी साध्या पोत्यात घेऊन जायचे आणि आपल्या नावाच्या पिशव्यांत भरून विकायचे. त्या वर्षी मात्र नांदेडच्या एका संस्थेनं आमच्याच पिशव्या, आमच्याच टॅगसकट घ्यायचं कबूल केलं. टॅग म्हणजे पिशवीच्या तोंडाशी शिवलेली चिठ्ठी. वाण कोणतं, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती, तपासणी कधी झाली, हे सगळं त्यावर छापावं लागतं. आत्यांनी हट्टानं त्यात आणखी एक ओळ घालायला लावली होती: बियाणं पिकवणारीचं नाव. आमच्यातल्या बहुतेक बायकांचं नाव सातबाऱ्यावर नाही. जमीन सासऱ्याची, नवऱ्याची, दिराची. पेरणी, खुरपणी, काढणी मात्र बायकांची. निदान पिशवीवर तरी बाईचं नाव पाहिजे, असं आत्यांचं म्हणणं होतं, आणि आत्यांचं म्हणणं एकदा निघालं की ते परत जात नाही.

हे टॅग छापायची शीट मी बनवली होती. आकड्यांचे तक्ते करायच्या साध्या सॉफ्टवेअरमध्येच, पण बनवली होती मनापासून. लॉट नंबर टाकायचा, हिरवं बटण दाबायचं, की त्या लॉटची सगळी माहिती आपोआप जागेवर बसायची आणि टॅग छापून बाहेर. बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की पुण्याहून तयार सॉफ्टवेअर आणू, सुनेच्या हातचं किती दिवस टिकणार? आत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी सून करती. जिम्मा माझा." समोर मी बसले होते. घरात त्यांनी माझ्या भाकरीलासुद्धा कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि इथं सगळ्यांदेखत जिम्मा घेऊन मोकळ्या. मी त्या दिवसापासून त्या शीटला तळहातावरच्या फोडासारखी जपत होते.

गाडी न्यायला यायची होती दसऱ्याला. पहिला माल मुहूर्तावर जाऊ दे, हीही आत्यांचीच इच्छा.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी कोयते, खुरपी, कुऱ्हाड, पाने-पकडी, विळी सगळं धुऊन पाटावर मांडतात. हळदकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. मग दुसऱ्या दिवशी गडीमाणसं शिवेवर जाऊन सोनं लुटून येईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलंय, त्याला झोपू द्यायचं. (विळी झोपल्यावर भाजी कशी चिरायची, म्हणून एक सुरी आधीच पूजेतून लपवून ठेवलेली असते. हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही.)

त्या दिवशी आत्या ताम्हण घेऊन ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "बंद कर समदे."

"आत्या, उद्या गाडी येणार आहे. लॉटची माहिती भरायची राहिलीय अजून."

"ह्यानं वरीसभर काम केलं का न्हाई?"

"केलं. पण हे हत्यार नाही हो."

"मग काय हाय? देवाचा टाक हाय?"

माझं डोकं तापलं. मी म्हणाले, मग प्रिंटरलाही झोपवा, पंख्यालाही झोपवा, आणि आपण सगळ्याजणी अंधारात बसू. आत्याही काही कमी नाहीत. त्या म्हणाल्या, पंख्याला वर्षभर झोपच आहे, त्याला वेगळी कशाला. शेवटी सुरीसारखीच तडजोड झाली. जुना कॉम्प्युटर झोपणार, दुसरा आणि लॅपटॉप कामाला राहणार. आत्यांनी जुन्या कॉम्प्युटरची वायर बोर्डातून काढून नीट गुंडाळून ठेवली, पडद्याच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचं बोट ओढलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. मी तोंड फिरवून बसले. पडद्यावरचं कुंकू पुसताना चरे पडतात, हे त्यांना कोण सांगणार?

दसऱ्याच्या सकाळी आम्ही उजाडताच ऑफिसात आलो. बायका अंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून गोडाऊनमध्ये जमल्या होत्या. पिशव्या भरून उभ्या होत्या, शिलाईचं मशीन तयार होतं. मी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आधी एक निरोप आला, की सुरक्षेचं नवीन अपडेट बसवलं आहे, आता तुमचा संगणक अधिक सुरक्षित आहे. बरं वाटलं. शीट उघडली, पहिला लॉट नंबर टाकला आणि हिरवं बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. बटण ढिम्म. तिसऱ्यांदा दाबलं तर एक चौकट उघडली आणि तिच्यात ही वस्तू इथं घालता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी आलं. कुठली वस्तू? मी काही घालतच नव्हते. तो संगणक इतका सुरक्षित झाला होता की मलाही काम करू देईना.

लॅपटॉप उघडला. तिथंही रात्रीतून तेच अपडेट, तोच निरोप, तेच मेलेलं बटण.

मी घाबरले, हे लपवत नाही. पहिला संशय स्वतःवरच आला. काल घाईत काही पुसलं का? सेटिंग बदललं का? शीट बंद करून परत उघडली. जुनी प्रत उघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अपडेट काढून टाकायचा प्रयत्न केला, तर तेही निघेना. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर सणाच्या शुभेच्छा ऐकू आल्या आणि गाणं लागलं. बाहेर बायका गप्पा मारत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, आणि मी बटणावर बोट आपटत होते.

हातानं का नाही लिहिले टॅग, असं कुणी विचारेल. बियाण्यात हाताचं चालत नाही. घाईत एका लॉटचा नंबर दुसऱ्या पिशवीवर गेला, की सगळा माल खोटा ठरतो. आणि पहिल्याच वर्षी खोटं ठरलो तर दुसरं वर्ष उगवणारच नव्हतं.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राहिलीस गं? गाडी निगालीय म्हनं नांदेडहून."

मी त्यांना सांगितलं. त्यांना तांत्रिक काही कळलं नसावं, पण माझं तोंड कळलं. तेवढ्यात नांदेडच्या त्या संस्थेच्या साहेबांचाच फोन आला. मी खरं ते सांगितलं. माणूस चांगला होता, तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "ताई, ताण घेऊ नका. साध्या पिशव्या भरून द्या. टॅग आम्ही इथं आमचेच लावतो."

खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. माल गेला असता, पैसे आले असते, मला कुणी बोललं नसतं. पण फोन स्पीकरवर होता आणि आत्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाकून फोनकडं तोंड केलं. "साहेब, तुमच्या टॅगवर आमच्या बायांची नावं येतेन का?"

साहेबांनी तिकडं कुणाला तरी विचारलं. मग म्हणाले, "ते नाही जमणार, मावशी."

"मग गाडी येऊ द्या. टॅग आमी लावतो," आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. एवढ्या विश्वासानं बघितलं की मला रडूच यायचं बाकी राहिलं.

मी डोळे मिटून नीट विचार केला. काल संध्याकाळपर्यंत शीट चालत होती. रात्रीतून बदललं ते एकच, अपडेट. दोन्ही ठिकाणी बसलं आणि दोन्ही ठिकाणी बटण मेलं. म्हणजे ज्याच्यावर अपडेट बसलं नाही असा एक कॉम्प्युटर मिळाला, तर दोष शीटचा का अपडेटचा हे लगेच कळेल. आणि दोष अपडेटचा असला तर तिथं टॅगही निघतील. पण रात्रभर बंद राहिलेला, वायर काढून ठेवलेला कॉम्प्युटर या जगात कोण ठेवतं?

मी डोळे उघडले आणि समोर झेंडूचं फूल दिसलं.

आता बोलायचं कसं? काल मीच ओरडले होते की हे हत्यार नाही, आणि आज त्याच झोपलेल्या हत्याराला उठवा म्हणायचं! मी नुसतं बोट दाखवलं. आत्यांना बरोबर कळलं आणि त्यांचा चेहरा पडला. आमच्या उपाध्यक्षा, आत्यांहून वयानं मोठ्या, दारात होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "न्हाई बाई. पूजेतलं मधीच उठवलं तर वरीस वाईट जातंय. सोनं लुटून आल्याबिगर हात लावायचा न्हाई."

बायका गोळा झाल्या. कुणी म्हणे उठवा, कुणी म्हणे नको. मी म्हणणार होते की कुंकवानं काय होतंय, पण आत्यांकडं बघून गप्प बसले. त्यांचा नेम हा त्यांचा होता. तो मोडून मिळालेला टॅग त्यांना आयुष्यभर टोचला असता. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. मग त्यांनी उपाध्यक्षांनाच विचारलं, "सोनं लुटून आल्यावर उठवायचं. असंच हाय न्हवं?"

"हाव."

"मग सोनं सांजच्यालाच लुटावं असं कुटं हाय?"

"गडीमाणसं सांजच्याला जातेत, बाई."

"गड्यांचं ऱ्हाऊ द्या. त्येंचं हत्यार सांजच्याला उठंल. आपलं हत्यार आपुन उठवू. चला."

आणि निघाल्याच. मी पंचवीस वेळा बघितलंय की दसऱ्याला पुरुष वाजतगाजत शिवेवर जातात आणि बायका दारात आरती घेऊन वाट बघतात. बायका सीमोल्लंघनाला चालल्यात, हे मी काय, आमच्या गावानंही कधी बघितलं नव्हतं. पुढं आत्या, त्यांच्या मागं उपाध्यक्षा (निघायचं ठरल्यावर त्याच सगळ्यांत भरभर चालत होत्या), मागं आम्ही सगळ्या. पारावर बसलेल्या एकानं विचारलं, "काहून? कुठं निघाल्या समद्या?"

"सीमोल्लंघनाला," मी म्हणाले.

"आत्ता? सकाळच्या पारी?"

"तुमचं हत्यार उठायच्या आत आमचं उठवून घेतो," मी म्हणाले. पारावर हशा झाला, पण त्या माणसानं आमच्यासाठी वाट सोडली.

शिवेवरच्या आपट्याला आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि पहिलं पान तोडलं. मग आम्ही सगळ्यांनी पानं घेतली. वारा सुटला होता, सोयाबीन काढलेली रानं मोकळी पडली होती. मला घाई होती, गाडी कुठवर आली असेल ते डोक्यात होतं, तरीही त्या झाडाखाली माझी छाती भरून आली. मी या बायकांतली आहे, याचा मला फार अभिमान वाटला. तसा तो आजही वाटतो.

परत आलो तर गोडाऊनच्या दारात मामा उभे. हातात आरतीचं तबक. माझे सासरे म्हणजे चहाचं भांडंसुद्धा स्वतः न उचलणारा माणूस. त्यांना कुणीतरी बातमी सांगितली होती. बायका सगळ्याच शिवेवर गेल्या, मग ओवाळायला कोण राहिलं? म्हणून ते घरून तबक घेऊन आले होते. निरांजनातलं तेल सांडलं होतं, अक्षता विसरले होते आणि मान खाली घातली होती. त्यांनी आत्यांना ओवाळलं, मग एकेकीला. मला लावलेलं कुंकू कपाळाऐवजी भुवईवर आलं. कुणी हसलं नाही. आत्यांनी त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "सोनं घ्या. अन् आता सरका, काम हाय."

आत्यांनी जुन्या कॉम्प्युटरवरचं फूल काढलं, पदरानं पडदा पुसला, एक पान त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "ऊठ बाबा."

मी आधी इंटरनेटची वायर काढून टाकली. हा जागा झाल्याझाल्या त्यानं तेच अपडेट ओढून घेतलं, तर सगळंच संपलं असतं. मग प्रिंटरची वायर जोडली, लॅपटॉपमधली शीट पेनड्राइव्हवर घेऊन त्यात टाकली. तो जुना गडी अंगाला आळोखेपिळोखे देत उठला. किती वेळ लावला त्यानं! शीट उघडली. लॉट नंबर टाकला. खोलीत बायका इतक्या दाटल्या होत्या की मला माउस हलवायला कोपर मोकळं होईना. मी बटण दाबलं.

प्रिंटर खरखरला आणि टॅग बाहेर आला.

पहिला लॉट नेमका उपाध्यक्षांचा होता. त्यांनी टॅग हातात घेतला, लांब धरला आणि आपलं नाव मोठ्यानं वाचलं. मग परत एकदा वाचलं. आणि ज्या बाईला वर्ष वाईट जाण्याची भीती वाटत होती, ती म्हणाली, "काड गं पोरी, पुढचे काड."

मी काढत गेले, बायका शिवत गेल्या. प्रत्येक टॅग मी तपासणीच्या कागदाशी ताडून मगच हाताबाहेर सोडला. जिचं नाव यायचं ती स्वतः पुढं येऊन घ्यायची. आत्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते बघितलं, पिशवीला शिवलं आणि पिशवीवर थाप मारली. त्यांना काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच वाटत होतं. गाडी आली तेव्हा शेवटच्या पिशव्यांची शिलाई चालली होती. ड्रायव्हरला थांबावं लागलं, पण त्याला पुरणपोळी मिळाली आणि त्याची काही तक्रार राहिली नाही.

गाडी गेल्यावर मी दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवून शांतपणे बसले. तीच शीट इकडं चालते, तिकडं नाही. म्हणजे शीट निर्दोष. मला तेवढं ऐकायचं होतं, जरी सांगणारी मीच होते. शोधता शोधता कळलं की सॉफ्टवेअर बटणांसाठी काही फायली तयार करून कोपऱ्यात ठेवतं. अपडेटनं बटणांची घडण बदलली, पण त्या जुन्या फायली तशाच राहिल्या, आणि दोघांचं जुळेना. जुन्या फायली पुसल्या की सॉफ्टवेअर नव्या बनवतं. मी पुसल्या. बटण दाबलं. चाललं! त्या आठवड्यात उदगीरच्या एका आडतीवरच्या मुनीमकाकांचीही बटणं अशीच मेली होती. त्यांना कुणीतरी माझा नंबर दिला, आणि मी त्यांना फोनवरून सगळं करून दिलं. फोन ठेवल्यावर आत्या म्हणाल्या, "उदगीरपोतुर गेलीस की." भाकरीला मात्र अजूनही त्या चांगलं म्हणत नाहीत.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आत्या ताम्हण घेऊन आल्या, तेव्हा मी तिन्ही यंत्रं आधीच बंद करून वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या. सकाळी शिवेवर जायचं हे आता ठरलेलंच होतं. आत्यांनी जुन्याला कुंकू लावलं, नव्याला लावलं, लॅपटॉपला लावलं. मी ताम्हण घ्यायला पुढं झाले.

"हात कर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं प्रसाद देतायत. मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी माझ्या तळहातांवर हळद लावली, मग कुंकू. दोन्ही हातांना, सावकाश, पाटावरच्या कोयत्याला लावतात तसं. वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं.

"हे बी वरीसभर राबलेत," त्या म्हणाल्या. "सोनं लुटून येईस्तवर ह्यांना काम न्हाई."

"मग नैवेद्याचा स्वयंपाक कोण करणार, आत्या?"

"मी हाय. तुजे मामा हायेत. तू बस."

मी दिवसभर ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसले. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं की तळवे वर करून दाखवत होते. तहान लागली तर मामांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. हातांची हळद पुढं बरेच दिवस निघाली नाही. मी ती घासलीच नव्हती.